लाल म्हणजे रक्त नव्हे

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, गुलबर्गा; गाव कुठलंही घ्या. बाईच्या हातात रक्ततपासणीचा कागद आला आणि त्यावर हिमोग्लोबिनपुढे 8 किंवा 9 चा आकडा दिसला, की आजूबाजूची सगळी माणसं तिथल्या तिथे डॉक्टर होतात. सासू म्हणते बीट. जाऊ म्हणते बीट. शेजारच्या बाकावर बसलेल्या, ओळख ना पाळख अशा काकू म्हणतात बीट. औषधाच्या दुकानातला पोरगा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापता कापता वर तोंड करून सांगतो, "अक्का, गोळी गरम पडतीय, त्यापेक्षा बीट खावा." मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, दखनी उर्दू बोलणारे कर्नाटकाच्या या सीमेवर एरवी एका गोष्टीवर एकमताने बोलतील तर शपथ! बीटावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

या एकमताचा मला मनापासून राग येतो. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, हे खरं. पण चांगल्या मनाने दिलेला चुकीचा सल्ला हा चुकीचाच असतो आणि त्याची किंमत सल्ला देणारा कधीच मोजत नाही.

आधी बीटभक्तांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकू. "बीट लाल, रक्त लाल, म्हणून बीट खाल्लं की रक्त वाढतं. बीटात लोह ठासून भरलेलं असतं. रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर रस घ्या, महिन्याभरात आकडा चढलाच म्हणून समजा. गोळीसारखी मळमळ नाही, काळं शौच नाही. निसर्गाची देणगी आहे, अपाय कसला? शिवाय बीपी उतरतो, चेहऱ्यावर तेज येतं. आणि एवढं करून नाहीच वाढलं रक्त, तरी बिघडलं काय? भाजीच तर खाल्ली!" एका दमात इतके दावे बाजारातला जडीबुटीवालासुद्धा करत नाही. एकेक घेऊ.

पहिला दावा रंगाचा. बीटाला जांभळट लाल करणारं मुख्य द्रव्य म्हणजे बीटानिन. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एवढ्या चार मूलद्रव्यांपासून त्याचा रेणू बनलेला असतो. लोखंडाचा त्यात एक अणूसुद्धा नाही. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आणि हिमोग्लोबिनच्या गाभ्यात लोखंड बसलेलं. या दोन लाल रंगांचं नातं डोळ्यांपुरतं आहे. पोटात गेल्यावर ते संपतं. रंगावरूनच गुण ठरवायचा तर कलिंगड, टोमॅटो, लाल मिरची आणि शिमग्यात फुललेला पळस यांनी काय घोडं मारलंय? मिरचीने रक्त वाढत असतं, तर आमच्या भागातली एकही बाई पांढरीफटक दिसली नसती.

आणि खरोखर लोखंडाने लाल झालेली वस्तू बघायची असेल, तर बीदरकराला बाजारात जायचंही कारण नाही. शहर ज्या पठारावर वसलं आहे तिथला जांभा दगड आणि पायाखालची तांबडी माती लोखंडाच्या ऑक्साइडमुळे लाल आहे. लाल ते रक्तवर्धक हा नियम खरा मानला, तर पहिला मान या मातीचा. दुर्दैव असं, की आपल्या बायका खरोखर माती खातात. गरोदरपणात माती, भिंतीचा पोपडा, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे पुष्कळदा अंगातलं लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. आपण त्याचं 'डोहाळे लागले' म्हणून कौतुक करतो आणि कोणी फारच काळजीचं निघालं, तर अर्धा किलो बीट आणून देतो. लोहाची मागणी शरीर इतक्या उघडपणे करत असताना त्याच्या हातावर रंग ठेवायचा, याला काय म्हणावं?

या रंगाची आणखी एक थट्टा आहे. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी लालसर होते. ज्यांच्या शरीरात लोह कमी आहे, त्यांच्यात हे जास्त दिसतं, अशा नोंदी वैद्यकात आहेत. म्हणजे जिला लोहाची सगळ्यात जास्त गरज, तिच्याच अंगातून रंग तसाच बाहेर पडण्याची शक्यता जास्त. ती मात्र समजते, अंगात रगत भरलं!

दुसरा दावा लोहाचा. इथे भावना बाजूला ठेवून हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शंभर ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून बीटाला झुकतं माप देऊन 0.8 धरू. याच संस्थेच्या 2020 सालच्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं. ते सगळं बीटातून मिळवायचं तर रोज साडेतीन किलोहून जास्त बीट खावं लागेल. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. एका गोळीइतकं लोह हवं तर बीट साडेसात किलो! 'गोळीपेक्षा बीट बरं' म्हणणाऱ्याने साडेसात किलो बीट एकदा स्वतः किसून बघावं. खाणं राहू द्या, नुसतं किसून.

आता यावर कोणी म्हणेल, की बीटातलं लोह नैसर्गिक म्हणून अंगी जास्त लागतं. तेही नाही. वनस्पतींमधलं लोह मांसामासळीतल्या लोहापेक्षा शरीरात कमीच शोषलं जातं आणि बीट ही वनस्पतीच आहे. देठ लाल असला म्हणून ती मटणात जमा होत नाही.

यातला विनोद तर पुढेच आहे. बीटाच्या झाडात लोह त्यातल्या त्यात बरं असतं ते पानांत; कंदाच्या तिपटीहून जास्त. ती पानं आपण काय करतो? बाजारात जुडी उचलायची, भाजीवालीला म्हणायचं, "मावशी, पाला काढून द्या, पिशवीत मावत नाही." ती दोन मुठींत पाला पिरगाळते आणि मागे फेकते. तिथे गाय उभीच असते. रक्त कुणाचं वाढलं असेल तर तिचं.

तिसरी पळवाट फोलेटची. "लोह नसेल, पण फॉलिक ॲसिड तर आहे ना?" आहे. कच्च्या बीटात ते चांगल्यापैकी आहे आणि रक्तपेशी तयार व्हायला ते लागतं. पण शिजवताना त्यातलं बरंच जातं. आणि फोलेटसाठी बीटाच्याच दारात का उभं राहायचं? हरभरा, मूग, तूर आणि पालेभाज्या यांत ते भरपूर असतं आणि या गोष्टी इथल्या मातीत पिकतात. गुलबर्ग्याच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या जिल्ह्याच्या डाळीवर देशाचं वरण शिजतं, त्या जिल्ह्याने फोलेट शोधायला बीटाकडे जावं? शिवाय सरकारी लाल गोळीत लोहासोबत 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आधीच घातलेलं असतं. आणि ज्यांचं रक्त ब 12 जीवनसत्त्वाच्या अभावाने कमी झालं आहे, त्यांना बीट काय देणार? बीटात ब 12 नावालाही नाही.

चौथा दावा रक्तदाबाचा. बीटभक्तांच्या पोतडीत खरा दाणा असेल तर हा एवढाच. बीटात नायट्रेट भरपूर असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, शरीर पुढे त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमध्ये 2008 साली झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांनी अर्धा लिटर बीटरस प्यायल्यावर दोन-तीन तासांनी रक्तदाब चांगला उतरलेला दिसला. लाळ गिळू न देता थुंकायला लावल्यावर तो परिणाम दिसेना. नंतर रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांतही काही उतार आढळला. मान्य. पण यातून काय सिद्ध होतं? बीटाचा रस रक्तदाबावर थोडं काम करतो. रक्त वाढवतो, हे कुठे आलं? 'बीपी' म्हणजे रक्तदाब आणि 'एचबी' म्हणजे हिमोग्लोबिन; ही दोन लघुरूपं सारखी वाटतात म्हणून आजारही एक होत नाहीत. रक्तदाबाची गोळी बंद करून बीटावर राहिलेल्या माणसाला ते प्रयोग करणारा शास्त्रज्ञ तरी शाबासकी देईल का?

पाचवा दावा रसाचा. बीट खायचं कोणी सांगत नाही, प्यायचं सांगतात. पेलाभर रसाला दोन-तीन बीटं लागतात. शंभर ग्रॅम बीटात सात-आठ ग्रॅम साखर असते. म्हणजे पेल्यात चार-पाच चमचे साखर आली आणि जो चोथा पोटाला उपयोगी होता, तो गेला उकिरड्यावर. बीटाच्या गोडीचं कौतुक नवीन नाही. 1747 साली बर्लिनमध्ये मार्ग्राफने याच जातीच्या पांढऱ्या भाऊबंदांतून साखर वेगळी काढून दाखवली. 1801 मध्ये त्याच्या शिष्याने, आखार्डने, सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना काढला. युरोपच्या बहुतेक भागात ऊस पिकत नव्हता, त्यांची अडचण समजू शकते. भालकी-हुमनाबाद-आळंदच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडलेले असताना आपल्याला साखर प्यायला बीट कशाला हवं? त्यातून मधुमेही माणसाने उपाशीपोटी हा पेला घ्यायचा! आणि रसाच्याही पुढचा अवतार म्हणजे बीटाची पूड. डबीत भरलेली, चकचकीत कागदातली, किलोच्या हिशेबाने ताज्या बीटाच्या कित्येक पट महाग. गरिबाचा घरगुती उपाय म्हणून निघालेली वरात शेवटी दुकानदाराच्याच मांडवात पोहोचते.

सहावा दावा निरुपद्रवीपणाचा. बीटात ऑक्झलेट बरंच असतं आणि ज्यांना मुतखड्याची सवय आहे, त्यांच्यासाठी रोजचा पेलाभर रस हे विकतचं दुखणं आहे. गुलबर्ग्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, रानात काम करणाऱ्यांना प्यायला पुरेसं पाणी मिळत नाही, मुतखडा इथे कुणाला ठाऊक नाही असं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळाला तर बीटाची पेज अजिबात देऊ नये. त्यातलं नायट्रेट त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करू शकतं. 'नैसर्गिक' हा शब्द सुरक्षिततेचा दाखला नव्हे. धोतराही नैसर्गिकच आहे.

आता शेवटचा आणि सगळ्यात लबाड युक्तिवाद. "खाल्लं तर बिघडलं काय?"

बिघडतं. वेळ जातो. गरोदर बाईच्या हातात मोजून नऊ महिने असतात. चौथ्या महिन्यापासून पुढे रोज एक याप्रमाणे 180 दिवस गोळी घ्यायची, असं 2018 पासून चालू असलेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ठरलेलं आहे. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर गोळ्या वाढवायच्या. महिनाभर नीट गोळ्या घेऊनही आकडा 1 ने चढला नाही, तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. 7 च्या खाली गेलं तर तो घरगुती उपायांचा विषयच राहत नाही. या सगळ्या पायऱ्यांच्या मध्ये बीट येऊन बसतं. गोळीने दोन दिवस मळमळलं, शौच काळं झालं, की बाई घाबरते. त्या क्षणी तिला कोणीतरी सांगायला हवं असतं, की काळं शौच हे लोहाचंच आहे, भिऊ नको. गोळी रात्री जेवणानंतर घे, चहासोबत घेऊ नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नको. त्याऐवजी तिला मिळतं बीट. ती सुटकेचा श्वास सोडते, गोळ्यांची पाकिटं फळीवरच्या डब्यात जातात आणि घरादाराला वाटतं, उपाय चालू आहे. बीटाचं हे खरं पाप. ते काहीच करत नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मात्र पुरेपूर देतं.

आणि रक्त कमी का झालं, हा प्रश्न तर बीटासमोर कोणी विचारतच नाही. पोटात अंकुशकृमी आहेत का? ते आतड्याला चिकटून रोज रक्त पितात. त्यावर जंताची गोळी लागते. पाळीत अंगावरून फार जातंय का? दोन बाळंतपणांत अंतर किती? मुलीचं लग्न कितव्या वर्षी लावलं? घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं? हे प्रश्न विचारले की घरातल्या पुरुषाकडे बोट जातं, सासूकडे जातं, चालीरीतींकडे जातं. बीट खा म्हटलं की सगळी जबाबदारी पुन्हा त्या बाईच्याच ताटात येऊन पडते. रक्त कमी तिचं, बीट किसायचं तिनेच आणि आकडा नाही चढला तर 'खातच नाही नीट' हा शेराही तिलाच!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 47.8 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 65.5 टक्के. निम्म्या बायका आणि दोनतृतीयांश लेकरं! हा आकडा काय बीट न खाल्ल्यामुळे आला?

याच भागातला एक ताजा इतिहास आठवा. 1 डिसेंबर 2021 पासून बीदर-गुलबर्ग्यासह सात जिल्ह्यांत शाळेच्या दुपारच्या जेवणात अंडं द्यायला सुरुवात झाली. कारण उघड होतं: या जिल्ह्यांत मुलांचं कुपोषण जास्त. लगेच गदारोळ उठला. मठाधिपती रस्त्यावर उतरण्याची भाषा करू लागले, संस्कृती धोक्यात आली, निवेदनांचे ढीग लागले. अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं मिळणार होतं, तरीही! अंड्यात चांगली प्रथिनं आहेत, ब 12 आहे, वाढत्या मुलाला हवं ते पुष्कळ आहे. त्यावर इतकं रान पेटलं. बीटावर कधी मोर्चा निघालाय? निघणार नाही. कारण बीट कुणाच्याच हितसंबंधाला धक्का लावत नाही. त्याने जात दुखावत नाही, धर्म बाटत नाही, सरकारचा पैसा जात नाही, नवऱ्याची सवय बदलत नाही. म्हणून तर ते सगळ्यांना इतकं आवडतं.

आमच्याकडे खायला काही नव्हतं आणि बीट आलं तेव्हा पोषण आलं, असाही एक आव असतो. अहो, इथलं ताट एकदा उघड्या डोळ्यांनी बघा. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरी थापल्या तर त्यांत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह येतं. तेवढ्यासाठी बीट पाऊण किलो लागेल. बाजरी त्याहून वरचढ. तुरीचं वरण, हरभऱ्याची उसळ, कारळ्याची आणि जवसाची चटणी, पावसाळ्यात रानात फुकट उगवणारी घोळ, तांदूळजा, पाथरी. अंबाडीची आंबट भाजी, जिला शेजारचं कन्नड घर पुंडी पल्ल्या म्हणतं, ती लोखंडी कढईत शिजली तर कढईचंही थोडं लोखंड भाजीत उतरतं. पण लोखंडी कढया आपण भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवल्या, ज्वारीच्या जागी रेशनचा तांदूळ आणला, रानभाजीला 'गरिबाचं खाणं' म्हणून नाक मुरडलं आणि मग रक्त कमी झालं म्हणून बीट आणायला निघालो!

धान्यातलं लोह अंगी लागत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. फायटेटमुळे ते अडतं, हे खरं. पण त्याची तोड आपल्या स्वयंपाकघरात केव्हाची आहे. आंबवलं, मोड आणले, की फायटेट कमी होतं. आंबट काही सोबत घेतलं की लोह जास्त शोषलं जातं. दर्श वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, शेतात कोपीपुढे बसून जेवलेल्या कुणालाही विचारा ताटात काय होतं: तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला लागतील तितक्या भाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबवलेलं आंबील. पोषणाचा अभ्यासक्रम लिहायला बसलेल्या माणसाने याच्यापेक्षा वेगळं काय सुचवलं असतं? वर्षातून एकदा शेताची पूजा म्हणून जे करतो, त्यातलं थोडं रोजच्या ताटात आणायला कुणी अडवलंय?

एवढं सगळं बोलून मी ज्वारीला औषध करून ठेवणार नाही. ती चूक बीटवाल्यांची. ती मी कशाला करू? भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं हे रोजचं खाणं. त्याने रक्त कमी होण्याची वेळ टळते. एकदा आकडा 8 वर आला, की नुसत्या खाण्याने तो वेळेत वर येत नाही. तिथे गोळीच लागते, कधी सलाइनमधून लोह द्यावं लागतं, कधी रक्त चढवावं लागतं.

मग बीटाचं काय करायचं? भाजीचं करतात ते. बाजारात मध्यम, घट्ट, गुळगुळीत सालीचं बीट बघा. फार मोठं बीट आतून चोयट निघतं. पाला हिरवा आणि ताठ असेल तर बीट ताजं. पाला घरी आणा, स्वच्छ धुवा, लसूण-मिरचीची फोडणी द्या आणि डाळीचं पीठ पेरून मेथीसारखा परता. कंद चिरून पाण्यात टाकू नका. शेंडी आणि थोडा देठ ठेवून साल न काढता अख्खाच कुकरला लावा, म्हणजे रंग आणि सत्त्व पाण्यात निथळणार नाही. निवल्यावर अंगठ्याने दाबलं की साल सुटून हातात येते. किसा, शेंगदाण्याचं कूट घाला, मोहरी-जिऱ्याची फोडणी, वर लिंबू पिळा. सोडा चुकूनही घालू नका, रंग पिवळट होतो. लिंबाने तो उजळ राहतो. ही कोशिंबीर भाकरी-वरणासोबत खा. आणि नीट बघा, त्या ताटात लोह कुणाचं आहे? भाकरीचं आणि डाळीचं. ते अंगी लावायला मदत कुणाची? लिंबाची. बीटाचं काम चव, रंग आणि पोटाला थोडा चोथा. भाजीने एवढं केलं की तिचं काम झालं. तिच्या डोक्यावर दवाखान्याचं ओझं ठेवायला तिने कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा बीटाच्या प्रचारकांना एकच सांगणं. तुम्हाला रक्ताची एवढी काळजी आहे, तर अंगणवाडीत जा. 2 ऑक्टोबर 2017 पासून कर्नाटकात मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि बाळंत बायकांना तिथे दुपारचं पूर्ण जेवण मिळायला हवं. तुमच्या सुनेला घरातून तिथे जाऊ देता का, हे स्वतःला विचारा. आशाताईने दिलेल्या गोळ्या फळीवर पडून आहेत का, बघा. जंताची गोळी झाली का, विचारा. महिन्याने पुन्हा रक्त तपासलं का, विचारा. सुनेला पहिल्या पंगतीला बसवा.

रक्त बीटाने वाढत नाही. ते लोहाच्या गोळीने, पोटभर आणि वेळेवर मिळालेल्या जेवणाने, जंत पडल्याने आणि दोन बाळंतपणांत अंतर ठेवल्याने वाढतं. यापुढे एखाद्या बाईला 'बीट खा' सांगण्याआधी तिला एवढंच विचारा, की आजची गोळी घेतलीस का? नसेल घेतली, तर उठा आणि पाण्याचा तांब्या तुम्ही आणून द्या.